मित्रकोळ्यांचा आहार : तिसरी नोंद

मार्च लागला आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर दुपारी उभं राहवेना, म्हणून सगळे ट्रे खाली मधल्या खोलीत आणले. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मी निओसेयुलस लॉन्गिस्पायनोसस हा मित्रकोळी पाळतो, म्हणजे पिकावरच्या किडीचे कोळी खाणारा बारीकसा कोळी (जाळं विणणारा नव्हे, माइट). वांग्याच्या पानांखालून गोळा केला आणि एका जाणकाराकडून स्लाइड करून ओळख पक्की करून घेतली. ओल्या स्पंजवर तुतीचं पान पालथं ठेवायचं, कडेने ओल्या कापसाची वळकटी लावायची, म्हणजे कोळी बाहेर पळत नाहीत.

या खेपेला एकच गोष्ट बघायची होती. यांची नेहमीची शिकार असलेला लाल कोळी (पानांतला रस शोषणारी माइट कीड) मिळेनासा झाला तर परागांवर यांचं भागेल का? तीन पानं घेतली, प्रत्येकावर दहा माद्या आणि दोन-तीन नर. एका पानावर लाल कोळ्याची अंडी-पिल्लं, दुसऱ्यावर एरंडाचे पराग, तिसऱ्यावर मक्याचे. एरंड आपल्याकडे कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर सापडतो. तुऱ्याच्या शेंड्याकडच्या मादीफुलांना हात लावायचा नाही, खालची पिवळट नरफुलं तेवढी सकाळी खुडून कागदावर सावलीत पसरायची. दुपारपर्यंत पराग आपोआप झडतात. नर सोबत ठेवायला विसरू नका. लाल कोळ्याची मादी नराशिवायही अंडी घालते आणि त्यातून नुसते नर निघतात. आपल्या मित्रकोळ्याच्या मादीला मात्र मीलनाशिवाय अंडंच येत नाही. हे ध्यानात नसेल तर दोष उगाच आहारावर जातो.

लाल कोळ्याच्या पानावर रोज दर मादी दोन-तीन अंडी मिळाली. लाल कोळ्याचं अंडं गोल, मित्रकोळ्याचं लांबट आणि चांगलं मोठं. एकदा नजर बसली की २० पटीच्या भिंगाखाली चूक होत नाही. मादीच्या अंगाच्या मानाने ते एवढं मोठं असतं की तिचं बरंचसं खाणं अंड्यातच जातं. मक्याच्या पानावर आठवड्याअखेर दहापैकी आठ माद्या जिवंत होत्या, पण अंडं एकही नाही. रंगही उतरला होता. लाल कोळी खाणाऱ्या माद्या तांबूस-नारिंगी आणि फुगीर, तर या पांढुरक्या, चपट्या. एरंडावर अधूनमधून एखादं अंडं दिसायचं. त्यातली पिल्लं वाढली खरी, पण लाल कोळ्यावरची पाच-सहा दिवसांत प्रौढ झाली तिथे यांना दोन-तीन दिवस जास्त लागले.

पहिल्या फेरीत मी एक मोठी चूक केली. एरंडाच्या पानावरची सगळी अंडी सुरकुतून गेली आणि मी परागांना नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी आर्द्रतामापक जवळ ठेवून बघितलं तर दुपारी ३० टक्के! इतक्या कोरड्या हवेत यांची अंडी टिकतच नाहीत. मग ट्रे झाकणाच्या डब्यात ठेवला आणि आत वाटीभर मीठ, जेमतेम भिजेल इतक्या पाण्यात कालवून. असं मिठाचं दाट पाणी बंद डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं. त्यानंतर अंडी फुटली, सहा पायांची काचेसारखी पारदर्शक पिल्लं दिसली. त्या रात्री मी कितीतरी वेळ भिंग खाली ठेवलं नाही.

मक्यावरच्या आठ माद्या मग लाल कोळ्याच्या पानावर सोडल्या. दुसऱ्या दिवशी पोटात तांबूस झाक आली, तिसऱ्या दिवशी सकाळी पानाच्या शिरेजवळ चार अंडी. म्हणजे पराग तग धरायला पुरतात, वंश जोमाने वाढवायला शिकारच लागते. निदान या जातीला तरी.

आता घेवड्याच्या कुंड्यांवर लाल कोळी जास्त वाढवतोय आणि एरंडाचे पराग फ्रीजरमध्ये छोट्या डब्यांत भरून ठेवलेत. मे महिन्यात घेवडा करपला की तेवढे दिवस माद्या परागांवर काढायच्या. तुमच्यापैकी कुणी पाणकणसाचे पराग वापरून बघितले असतील तर किती दिवसांनी अंडी आली ते नक्की कळवा.