तंबोरा टोरांटोला पोचला, पण भोपळा तडकून

परदेशी जाणाऱ्या पार्सलवर विमा सक्तीचा असावा का, असं मला वरचेवर विचारलं जातं, कारण आम्ही सांगलीहून मिरजेचे तंबोरे आणि सतारी ऑनलाइन विकतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. मोठ्या वाद्यावर विमा सक्तीचाच, आणि तो विक्रेत्याने स्वतः काढायचा. ‘विमा हवा का?’ असं गिऱ्हाइकाला विचारायचंच नाही. एका तंबोऱ्याचा क्लेम पार पाडताना हे मत पक्कं झालं, म्हणून तो अनुभव सविस्तर लिहिते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरून चौकशा येतात. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो, दांडी आणि तबली (भोपळ्याचं तोंड झाकणारी फळी) तुणीच्या लाकडाची. वाळलेला भोपळा टणक असतो, पण ठिसूळही. पेटी आडवी, सपाट पडली तर बहुधा निभावतं. टोकावर आपटली, की दांडी आणि भोपळा जिथे जोडलेले असतात त्या गळ्यापाशी चीर जाते. हा तंबोरा तसाच गेला.

टोरांटोजवळ राहणाऱ्या एका ताईंनी तो मागवला होता. मूळच्या डोंबिवलीच्या, गाणं शिकणाऱ्या. वाद्याची किंमत ६८ हजार. पेटीचं माप १४५ बाय ५५ बाय ५० सेंटीमीटर. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागतात आणि येईल तितके किलो धरून भाडं लावतात. पेटी भरली जेमतेम १६ किलो, भाडं लागलं ८० किलोचं. म्हणजे वाद्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम नुसत्या वाहतुकीला.

आता भरपाईचं बघा. हवाई मालासाठी १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला, कॅनडा आधीपासून आहे. त्यानुसार वाहतूकदाराची जबाबदारी किलोमागे २६ एसडीआर इतकीच. २८ डिसेंबर २०२४ च्या आधी ती २२ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. १६ किलोला ४१६ एसडीआर, रुपयांत साधारण ५० हजार. भाडं घेताना ८० किलो आणि भरपाई देताना १६ किलो! वाद्य आणि भाडं मिळून आमचे लाखाच्या वर गेलेले. तेही पन्नास हजार मिळतील ते, पॅकिंग सदोष होतं असं वाहतूकदाराला दाखवता आलं नाही तरच. मोठ्या तंबोऱ्याची पेटी टपालाच्या मापात बसत नाही, त्यामुळे तो रस्ता नव्हताच.

म्हणून आमची विम्याची ओपन पॉलिसी आहे. दर पार्सलची नोंद द्यायची, म्हणजे ते संरक्षणात येतं. विमा नुसत्या वाद्याच्या किमतीचा नसतो. वाद्य, भाडं आणि प्रीमियम मिळून होईल त्यावर आणखी १० टक्के धरतात. या पार्सलचा प्रीमियम १८ टक्के जीएसटीसकट दीड हजाराच्या आत होता.

पार्सल दारात आलं तेव्हा ताईंनी मला व्हिडिओ कॉल केला.

“ताई, खोकं एका कोपऱ्यात चेपलंय. सही करू का?”

“करा, पण आधी फोटो काढा. लेबल आणि चेपलेला कोपरा एकाच फोटोत येऊ द्या.”

हल्ली सही मोबाइलच्या पडद्यावर घेतात, शेरा लिहायला जागाच नसते. म्हणून दारातला तो फोटो फार कामाचा. पेटी उघडली तर गळ्यापासून खाली बोटभर रुंद तडा. ताई रडवेल्या झाल्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, की पैशाची काळजी तुमची नाही, फक्त खोकं, फोम, दोरी, यातलं काहीही टाकू नका.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवलं, आणि कुरिअरलाही लेखी दावा पाठवला. हे दुसरं पत्र बरेच जण विसरतात. माँट्रियल करारात माल खराब झाल्याची लेखी तक्रार माल हाती आल्यापासून १४ दिवसांत करावी लागते. ती केली नाही तर वाहतूकदाराकडून वसुली करण्याचा हक्क जातो, आणि तो हक्क पुढे विमा कंपनीला हवा असतो. तुम्हीच तो घालवलात तर कंपनी तुमच्या क्लेमला कात्री लावू शकते.

कुरिअरचं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: पॅकिंग अपुरं होतं. पाठोपाठ विमा कंपनीच्या सर्व्हेअरनेही, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्यानेही, तोच प्रश्न टाकला. हवाई मालाच्या विम्याच्या ठरावीक अटी असतात, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस. त्यांत अपुरं पॅकिंग, मालाचा मूळचा दोष आणि उशीर या गोष्टींना भरपाई नाही. तंबोऱ्याच्या बाबतीत पहिल्या दोन्ही सबबी सहज पुढे करता येतात. भोपळा नैसर्गिक वस्तू, तो आपोआप तडकला असेल, असंही एका पत्रात होतं.

इथे चाचांनी आम्हाला तारलं. ज्यांच्याकडून वाद्य घेतलं ते मिरजेचे जुने कारागीर. प्रत्येक पेटी भरताना ते व्हिडिओ काढू देतात, कंटाळत नाहीत. “ठपका पहिला पॅकिंगवरच येतोय बघा,” असं ते नेहमी म्हणतात. व्हिडिओत सगळं होतं: तारा सैल सोडलेल्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून वेगळी गुंडाळलेली, गळ्याखाली आधार, फायबरची केस, तिच्याभोवती फोम, वर प्लायची पेटी. वाद्य निघताना भोपळ्यावर कुठे चीर नाही, हेही फिरवून फिरवून दाखवलेलं. शिवाय चाचांनी लिहून दिलं, की भोपळा वाळून बसलेला असला तर आपोआप तडा जातो तो बारीक आणि रेषेत. धक्क्याने जातो तो असा फाकलेला. सर्व्हेअरने व्हिडिओ कॉलवर ताईंकडून तडा मापून घेतला आणि पेटीचा चेपलेला कोपरा त्याच बाजूला आहे हे नोंदवलं. मूळ दोषाचा मुद्दा तिथेच संपला.

मग दुरुस्तीचा प्रश्न आला. तिथल्या एका सतार दुरुस्त करणाऱ्याकडून अंदाजपत्रक आणलं. भोपळा बदलायचा म्हणजे त्याच मापाचा इथून पाठवायचा आणि गळा नव्याने बसवायचा. मिरजेला परत आणून दुरुस्त करायचं तर दोन वेळचं भाडं. दोन्ही हिशेब वाद्याच्या किमतीपलीकडे गेले, तेव्हा कंपनीने पूर्ण नुकसान मान्य केलं. पॉलिसीतली ठरलेली वजावट आणि मोडक्या वाद्याची थोडी किंमत कापून बाकी रक्कम मिळाली. वाहतूकदाराकडून वसुलीचे हक्क आम्ही पत्राने कंपनीला दिले. ताईंना दुसरा तंबोरा आम्ही क्लेमचे पैसे यायच्या आधीच पाठवला होता.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) लागतो म्हणून ‘बिल कमी रकमेचं करा’ अशी विनंती तिकडचे अनेक गिऱ्हाईक करतात. आम्ही करत नाही. ते खोटं तर आहेच, शिवाय २० हजारांच्या बिलावर ६८ हजारांचा क्लेम कोण मान्य करील?

विमा ऐच्छिक ठेवणाऱ्यांचं म्हणणं मला माहीत आहे: ऑर्डर देताना ‘विमा हवा’ अशी खूण केली नाही तर जोखीम गिऱ्हाइकाची. मला ते पटत नाही. वाद्य मोडकं पोचलं तर गिऱ्हाईक कार्डाच्या बँकेकडे तक्रार करतो आणि पैसे बहुतेक वेळा परत जातात. ते शेवटी विक्रेत्याच्या खिशातून, आणि विक्रेता लहान असेल तर कारागिराच्या मजुरीतून. दोष ना गिऱ्हाइकाचा, ना कारागिराचा. मग विमा किमतीतच धरावा. तारांचं पाकीट किंवा नखी पाठवताना मात्र आम्ही विमा काढत नाही. एखादं हरवलं तर दुसरं पाठवतो.

मिरजेतले बरेच कारागीर आता स्वतःच परदेशी ऑर्डर घेतात. वर्षाला दोन-चार वाद्यं पाठवणाऱ्याला ओपन पॉलिसी परवडत नाही, आणि एकेका पार्सलचा विमा काढायला गेलं तर किमान प्रीमियमच जास्त पडतो. वाद्यांच्या क्लस्टरने, म्हणजे कारागिरांच्या समूहाने, सगळ्यांसाठी मिळून एक पॉलिसी घ्यावी, असं मी चाचांना सुचवलं आहे. कागद कुठले लागतात याची यादी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आहे.