कर खात्यातली नोकरी घ्यावी का? तुम्ही विचारलंत म्हणून

परीक्षेची तयारी करणारी मुलं मला हमखास विचारतात, "कर खात्यातली नोकरी कशी असते? घ्यावी का?" पगार वेळेवर होतो, मंदी आली म्हणून कोणी घरी पाठवत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मात्र इथलंच काम शिकून बाहेर सल्लागार झालेला सहकारी कमाईत तुमच्या कितीतरी पुढे निघून जातो, हेही आधीच पचवून ठेवा. बदल्या आणि वर्षअखेरची धावपळ कोणाला चुकलेली नाही.

मला या नोकरीनं धंदा आतून बघायला शिकवलं. नवा होतो तेव्हा साहेबांनी एका बेकरीची फाइल पुढ्यात ठेवली. विक्रीचे आकडे सुबक, बेरजा चोख. साहेबांनी एवढंच विचारलं, "मैदा किती घेतला?" मग खरेदीच्या बिलांवरून पोती मोजली, एका पोत्यात किती पाव निघतात ते काढलं, वाया जाणारा माल वजा केला. हिशेबात दाखवले होते त्यापेक्षा पाव बरेच जास्त निघाले. त्या दुपारी कामाची जी गोडी लागली ती अजून टिकून आहे.

मन खातं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पगारदाराचा कर हातात पैसे पडायच्या आधीच कापला जातो, त्याला लपवायला जागाच नाही. अमेरिकेच्या कर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या अंदाजानुसार, अशा पगारी उत्पन्नातलं जेमतेम १ टक्का दडवलं जातं. ज्या उत्पन्नाची खबर तिसऱ्या कोणाकडूनही मिळत नाही, त्यातलं सुमारे ५५ टक्के. असं उत्पन्न बरंचसं लहान धंदेवाल्याचं, त्यामुळे तो आमच्या नजरेत चटकन येतो. बड्या कंपनीची फाइल उघडावी तर तिनं कायद्यातल्याच वाटा धरून कर कमी केलेला असतो. सगळं नियमात बसतं आणि आपण सही करतो. ती सही करताना मला दर वेळी जड जातं.

शिवाय तोंडाला कुलूप. कोणावर किती कर्ज आहे, कोणाचं दुकान बुडत चाललंय, सगळं फायलीत दिसतं आणि घरी चकार शब्द काढता येत नाही. बहुतेक देशांत तो गुन्हाच आहे, आणि असायलाच हवा. ब्रिटननं फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी १७९९ मध्ये पहिल्यांदा आयकर बसवला. युद्ध संपल्यावर, १८१६ मध्ये तो रद्द झाला, तेव्हा संसदेनं त्याची कागदपत्रंसुद्धा नष्ट करायला लावली. आपली मिळकत परक्याच्या कपाटात असणं लोकांना इतकं खुपत होतं.

तरी माझं उत्तर "घ्या" असंच आहे. एकदा नवरा वारलेल्या एक बाई आल्या होत्या. त्याच्या पगारातून जास्त कापलेला कर परत मिळायचा होता. पिशवीतून एकेक कागद काढून त्या टेबलावर हातानं सपाट करत होत्या. एक दाखला नाही म्हणून त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. तो दाखला आमच्याच दप्तरात होता. शोधायला तासभर लागला. परताव्याच्या आदेशावर सही झाली तरी त्या उठेनात. मी विचारलं, "आणखी काही हवंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हीच अजून एखादा कागद मागाल."