वाळूतला फॅलेशिया: नव्या जातीचं वर्णन कुठवर आलं

मंडळी, भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातल्या वाळूत सापडलेल्या त्या चिमुकल्या डायटमचं (सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशीय शैवालाचं) काम बरंच पुढे सरकलंय. वंश फॅलेशिया, याबद्दल आता शंका नाही. राफेच्या, म्हणजे झडपेवरच्या (कवचाच्या अर्ध्या भागावरच्या) लांबट फटीच्या, दोन्ही बाजूंना बारीक छिद्रांच्या रेषांना मध्येच तोडणारा वीणेच्या आकाराचा कोरा पट्टा स्वच्छ दिसतो. खरा प्रश्न जातीचा आहे आणि तो लहान-मोठ्या आकारांपाशी येऊन थांबलाय.

डायटम विभागतो तेव्हा नवी झडप जुन्या झडपेच्या आत तयार होते. त्यामुळे पिढीगणिक पेशी लहान होत जातात आणि ऑक्झोस्पोर (सहसा लैंगिक पुनरुत्पादनातून बनणारी, फुगत जाणारी पेशी) तयार झाला की पुन्हा पूर्ण आकार मिळतो. मॅकडोनल्ड आणि फिट्झर यांनी १८६९ मध्येच हे मांडलं होतं. पण लांबी घटते त्या मानाने रुंदी फारशी घटत नाही, म्हणून लांबट झडपेचे वंशज जवळजवळ गोल दिसू लागतात. दोन टोकं शेजारी ठेवली तर कुणीही त्या दोन जाती म्हणेल! माझ्याकडे १४ मायक्रॉनपासून ७ मायक्रॉनपर्यंतच्या झडपा आहेत, मधले टप्पेही आहेत, आणि १० मायक्रॉनमध्ये रेषा मात्र सगळीकडे २२ ते २४च भरतात. माझ्या मते या वर्णनाचा कणा हाच आहे. एखाद-दुसऱ्या देखण्या झडपेवरून जात उभी करू नये.

स्वच्छतेबद्दल थोडं सविस्तर, कारण वाळूचे नमुने चिखलापेक्षा चिवट असतात. या पेशी कणांच्या खाचांत घट्ट चिकटून बसतात, नुसतं पाणी ढवळून ओतलं तर हाती येतात ती मोकळी फिरणारी मंडळी. मी आधी जिवंत पेशींचे फोटो घेतो, कारण हरितलवक एकदा गेलं की गेलं. मग सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. शिंपल्यांचा चुरा फसफसून विरघळतो आणि फेस थांबेपर्यंत हात लावायचा नाही. चुना राहिला आणि पुढे सल्फ्युरिक वापरलं, तर जिप्समच्या सुया सगळी स्लाइड व्यापतात. अ‍ॅसिड पूर्ण धुऊन काढल्यावरच हायड्रोजन पेरॉक्साइड, नाहीतर क्लोरीन वायू सुटतो. शेवटी नॅफ्रॅक्स या रेझिनमध्ये स्लाइड. त्याचा अपवर्तनांक सिलिकापेक्षा बराच जास्त असल्याने इतक्या बारीक रेषाही उठून दिसतात.

तरी १.४ एनएच्या (एनए म्हणजे भिंगाच्या प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचं माप) ऑइल भिंगाची मजल साधारण ०.२ मायक्रॉनपर्यंतच. फॅलेशियात झडपेच्या पृष्ठभागावर सिलिकाचा एक पातळ पडदा असतो, कोनोपियम. त्याची छिद्रं आणि खालच्या रेषांची रचना एसईएमशिवाय (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय) कळत नाही. बाहेरची बाजू पाहून झाली आहे, आतली बाकी आहे, आणि राफेची मधली टोकं आतून कशी संपतात हे पाहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

तुलनेचं काम सगळ्यात वेळखाऊ. फॅलेशिया हा वंश १९९० मध्ये नॅव्हिक्युला या वंशातून वेगळा काढला गेला, म्हणजे जुनी वर्णनं नॅव्हिक्युलाच्या नावाखाली विखुरलेली आहेत. फॅलेशियातली फोर्सिपाटा ही जात तशी मोठी, ती लगेच वगळता येते. टेनेरा आणि फ्लोरिनी या जातींशी मात्र झडप-झडप ताडून पाहावी लागतेय, तीही नंतरच्या हस्तपुस्तिकांतल्या चित्रांशी नव्हे, तर मूळ टाइप नमुन्यांच्या (जातीचं नाव ज्यांच्याशी बांधलेलं असतं त्या नमुन्यांच्या) फोटोंशी.

नियमांचा भाग त्या मानाने सोपा आहे: वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत, सोबत चित्र, आणि होलोटाइप (नव्या जातीचा निवडलेला एकमेव टाइप नमुना) कोणत्या संग्रहालयात ठेवला त्याचा स्पष्ट उल्लेख. होलोटाइपची स्लाइड निवडली आहे, तिच्यावरच्या नेमक्या झडपेभोवती वर्तुळही आखलंय.

तुमच्यापैकी कुणाकडे समुद्रकाठच्या वाळूच्या जुन्या स्लाइड्स असतील, तर ७ ते ९ मायक्रॉनच्या गोलसर झडपा जरूर शोधा. रेषा मोजून कळवा, आणि शक्य असेल तर फोकस थोडा वर-खाली करून एकाच झडपेचे दोन-तीन फोटो घ्या. लहान टोकाकडचे नमुने मला अजून हवे आहेत.