ब्लॅक बोमोर आणि गावचा स्विमिंग पूल

आयलाला जाऊन आलेला माणूस व्हिस्कीबद्दल बोलतो. मी स्विमिंग पूलपासून सुरुवात करणार आहे, कारण परत आल्यापासून तोच डोक्यात घोळतोय.

आयला (उच्चार खरंच असा आहे, हसून घ्या) हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं बेट. ग्लासगोहून गाडीने केनाक्रेग बंदर, तिथून पुढे दोन तासांहून थोडी जास्त फेरी. वस्ती तीनेक हजार आणि डिस्टिलऱ्या, म्हणजे व्हिस्कीच्या भट्ट्या, दहाच्या आसपास. त्यातल्या बोमोर गावात १७७९ सालची डिस्टिलरी आहे आणि तिच्या शेजारीच गावचा पूल. पूर्वी ते डिस्टिलरीचं गोदाम होतं. ते गावाला देऊन टाकलं, आणि पूलचं पाणी तापतं ते डिस्टिलरीत एरवी वाया गेली असती त्या उष्णतेवर. बाहेर खाडीवरून कान बधिर करणारा वारा. आत कोमट पाण्यात दंडाला फुगे बांधलेली पोरं, आणि क्लोरिनच्या वासाला चिकटून आलेला ओल्या धान्याचा गोडसर वास. बाकावर बसलेल्या एक आजी नातवाचं डोकं खसाखसा पुसत होत्या. माझी मुलगी पाण्यातून बाहेर यायलाच तयार नव्हती.

दारूच्या भट्टीच्या जिवावर गावची पोरं पोहायला शिकतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही! मला मात्र रत्नागिरीचं घर आठवलं. काकांची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात धोतरांच्या मागे. सगळ्यांना ठाऊक, काकूलाही, पण कुणी बोलायचं नाही. आपला कायदाही काकूसारखाच: १९४९ सालचा दारूबंदी कायदा अजून आहे, त्याच कायद्याखाली दारू विकलीही जाते, प्यायला परवाना लागतो आणि बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते.

इथे सगळं मोकाट आहे असं मात्र समजू नका. स्कॉटलंडच्या दुकानांत सकाळी दहाच्या आधी आणि रात्री दहानंतर दारू विकत मिळत नाही. त्यात किती अल्कोहोल आहे त्यावर किमान किंमत ठरलेली, त्याखाली सेलमध्येसुद्धा विकता येत नाही. गाडी चालवणाऱ्यांसाठी रक्तातली मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी, १०० मिलीला ५० मिलिग्रॅम. नवरा गाडी चालवणार होता, तर डिस्टिलरीच्या टूरच्या शेवटी त्याच्या वाट्याची व्हिस्की त्याला चिमुकल्या बाटल्यांत भरून दिली, रात्री मुक्कामी घ्या म्हणून. आपल्याकडे ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे बरं का. कागदावर आपणच कडक.

आता ब्लॅक बोमोर नावाची व्हिस्की. १९६४ साली बोमोरच्या भट्ट्या कोळशावरून वाफेवर आल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निघालेला माल शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत भरून समुद्राला लागून असलेल्या जुन्या तळघरात ठेवला. तिथे भिंतीपलीकडे भरतीच्या लाटा आपटतात, आत थंड, ओलसर अंधार. १९९३ मध्ये तो बाटलीत आला तेव्हा जवळजवळ काळा झाला होता. तेव्हा बाटली साधारण शंभर पौंडांना मिळायची. २०२० मध्ये त्याच १९६४ च्या व्हिस्कीच्या पंचवीस बाटल्या एका मोटार कंपनीबरोबर काढल्या, एकेक पन्नास हजार पौंडांची. आजच्या दराने पन्नास लाखांच्या वर. आमच्या गावात तेवढ्यात कलमांची बाग येईल.

माझी चिडचिड किमतीवर नाही. चिडचिड आहे ती ‘जुनं म्हणजे थोर’ या हिशोबावर, कारण त्यात आपण हवामानामुळेच हरतो. पिंपातून व्हिस्की दरसाल उडून जाते. स्कॉटलंडमध्ये सुमारे २ टक्के, गोव्याच्या उकाड्यात ८ टक्क्यांच्या घरात. या हिशोबाने पन्नास वर्षांनी इथे शंभर लिटरांतले छत्तीस उरतात आणि गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पिंपात दीड! पन्नास वर्षांची भारतीय सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, मोड आलेल्या जवाची व्हिस्की) होणारच नाही. पण त्याच उकाड्यात लाकूड आणि दारू यांचं काम झपाट्याने होतं, म्हणून कुंकळ्ळीची पॉल जॉन पाच-सात वर्षांतच तयार होते. तिला कमी वयाची म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हा गुणाकार कुणीतरी करून दाखवा.

टूरमध्ये एका गृहस्थांनी मला विचारलंच, “तुमच्याकडची व्हिस्की मळीची असते ना?” असते. आपली स्वस्त व्हिस्की बरीचशी मळीच्या स्पिरिटवर चालते आणि ती इथे व्हिस्की म्हणून विकायला बंदी आहे. हे मी मान्य केलं. मग जवापासून केलेली भारतीय सिंगल माल्ट अमृत २००४ मध्ये पहिल्यांदा विकायला आणली ती याच ग्लासगोत, हेही ऐकवलं. पॉल जॉनच्या धुरकट व्हिस्कीला आयलाचंच पीट वापरतात, हे ऐकल्यावर ते गप्प झाले. नवरा म्हणाला, जरा हळू बोलायचं होतंस.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला वनस्पतींचा काळा थर. विटांसारखा कापतात, वाळवतात, आणि त्याच्या धुरावर मोड आलेलं जव सुकवतात. बोमोरमध्ये थोडं जव अजूनही दगडी जमिनीवर पसरून लाकडी फावड्यांनी उलटतात. मी त्यात हात घातला, आतून चक्क ऊबदार होतं. बोमोरचा धूर मवाळ असतो. बेटाच्या दक्षिणेच्या लाफ्रॉइग डिस्टिलरीच्या व्हिस्कीला दवाखान्यातल्या आयोडीनचा वास येतो. अमेरिकेतल्या दारूबंदीत ती औषध म्हणून खपली, यात नवल नाही. मी बोमोरची पंधरा वर्षांची घेतली. चांगली होती. मी काही रोज घेणारी नव्हे, पण बेटावर जाऊन फक्त पाणी पिणं हाही एक प्रकारचा उद्धटपणाच.

गावच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला १७६७ चं गोल चर्च आहे. सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून गोल, असं सांगतात. खालच्या टोकाला, समुद्राकडे, डिस्टिलरी. दोघांचं उत्तम चाललंय. आपल्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी गोव्याच्या कायद्यात ती २०१६ पर्यंत ‘देशी दारू’च होती. फेणीच्या भट्टीशेजारी मुलांचा पूल बांधायचं नुसतं सुचवलं तरी ग्रामसभेत काय होईल, कल्पना करा. आयलाच्या लोकांना हे जमतं कारण बेटावरच्या बऱ्याच घरांची चूल व्हिस्कीवर पेटते, हेही खरं. १९८३ मध्ये बेटावरचीच पोर्ट एलनची डिस्टिलरी बंद पडली ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या चाळीस वर्षांत तिच्या उरलेल्या पिंपांतला माल श्रीमंतांच्या कपाटांत गेला, ब्लॅक बोमोरसारखाच न उघडता.

आता मुद्द्याचं. दिवाळीत भारतात येतेय असं कळल्यापासून फोन सुरू झालेत. कस्टम्स माणशी दोन लिटरच सोडतं. आम्ही मोठी माणसं दोन, त्यातली एक बाटली सासऱ्यांची, एक काकांची. उरलेल्यांनी आपसांत ठरवून व्हिस्कीचं एकच नाव कळवा, आणि ब्लॅक बोमोरचं कुणी विचारू नका.