दोंग लोकांचे चकाकते कापड

चीनमधील अल्पसंख्याक समाजांच्या वेशभूषेचे छायाचित्र पाहताना नजर आधी म्याओ स्त्रियांच्या चांदीच्या मुकुटावर जाते आणि बहुधा तेथेच थांबते. माझेही अनेक वर्षे तसेच होत होते. मग एका मैत्रिणीने क्वीचौ प्रांताच्या आग्नेय भागातील दोंग लोकांच्या कापडाचा वीतभर तुकडा माझ्या हातावर ठेवला. दुमडताना तो वाळलेल्या पानासारखा करकरला आणि खिडकीपाशी धरताच त्याच्या काळपट निळाईतून तांब्यासारखी जांभळट झाक उमटली. मला ते रेशीम वाटले होते; निघाले साधे सुती कापड.

ही चकाकी कशी येते हे समजून घेताना सर्वांत आनंद झाला तो तेथील निळीच्या झुडपामुळे. तेथे वापरली जाणारी नीळ आपल्याकडील शेंगा धरणाऱ्या निळीची नव्हे; ते झुडूप सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचे जवळचे नातलग आहे. त्याची पाने काही दिवस पाण्यात कुजत ठेवतात, चोथा काढून चुना घालतात आणि पाणी खूप घुसळतात, म्हणजे तळाशी निळा गाळ बसतो. हा गाळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून राखेचे पाणी आणि तांदळाची दारू घालून तो रांजणात आंबवावा लागतो. अशा रांजणातून कापड बाहेर येते तेव्हा ते पिवळट हिरवे असते आणि वारा लागल्यावर डोळ्यांदेखत निळे होते. एका बुडीत मिळणारा रंग फिकाच असतो. म्हणून बुडवणे, वाळवणे आणि पुन्हा बुडवणे हे काम कित्येक दिवस चालते.

त्यानंतर कापडाला गुरांच्या कातड्याचा सरस किंवा अंड्याचा पांढरा बलक लावतात, ते वाफवतात आणि दगडावर घडी ठेवून लाकडी मोगरीने ठोकतात. ठोकल्याने सूत चपटे होते, सरस किंवा बलक धाग्यांमधील फटी भरतो, आणि पृष्ठभागावर दाटलेली नीळ स्वतःच तांबूस चमकू लागते. आपल्याकडे कापडाला मोगरीने ठोकून तकाकी आणण्याच्या या कामाला कुंदी म्हणत. आज आपल्या बोलण्यात ‘कुंदी काढणे’ केवळ मार देण्याच्या अर्थाने उरले आहे. दोंग गावांत मात्र मूळ कामाचा आवाज अजून ऐकू येतो.

शेजारच्या म्याओ स्त्रिया हीच नीळ वापरतात, पण तांब्याच्या पात्यांच्या लेखणीने वितळलेल्या मेणाची नक्षी आधी काढून. रंगवल्यावर मेण उकळून काढले की तेवढा भाग पांढरा राहतो. क्वीचौमधीलच दानझाई परगण्याच्या या मेणकामाला 2006 साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत स्थान मिळाले. त्या नक्षीचे कौतुक रास्तच आहे. तरीही मला दोंग कापड अधिक मोलाचे वाटते, कारण त्यावर एकही आकृती नसताना केवळ रंग आणि हाताचे कष्ट दिसतात.

हे कापड पाण्याने धुतले की त्याची झळाळी कमी होते, त्यामुळे सणाचे अंगरखे जपून वापरले जातात आणि नव्या कापडाचा रंग अंगालाही लागतो. माझ्याकडील तुकडा मी पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवला आहे. त्या मलमलीवर आता घडीच्या रेषेबरहुकूम निळा डाग उमटला आहे.