तुम्ही विचारलंत म्हणून: स्कोब्रेवचं रौप्य नशिबाचं होतं का?

स्पीड स्केटिंगचा विषय निघाला की कुणीतरी व्हँकुवरची ती शर्यत काढतंच, आणि पाठोपाठ मला हमखास विचारलं जातं, "क्रामर बाद झाला म्हणूनच त्या रशियनाला पदक मिळालं ना?" तो रशियन म्हणजे खाबारोव्स्कचा इव्हान स्कोब्रेव. मला हा खेळाडू फार आवडतो, त्यामुळे सविस्तर सांगते.

२३ फेब्रुवारी २०१०, ऑलिंपिकची १०,००० मीटरची शर्यत. ४०० मीटरच्या रिंगणात २५ फेऱ्या. बर्फावर एका वेळी दोघेच असतात आणि दर फेरीत लेन बदलतात, आतला बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो, म्हणजे दोघांचं अंतर सारखं भरतं. शेवटच्या जोडीत नेदरलँड्सचा स्वेन क्रामर होता आणि सोबत स्कोब्रेव. आठेक फेऱ्या उरलेल्या असताना क्रामर बाहेरच्या लेनकडे निघाला होता, तेवढ्यात त्याचे प्रशिक्षक गेरार्ड केमकर्स यांनी त्याला आतली लेन दाखवली. त्याने ऐन वेळी पाय वळवला. स्कोब्रेव नियमाप्रमाणे आतच येत होता. दोघंही आतल्या लेनमध्ये, आणि क्रामर तिथेच बाद झाला. फक्त ते त्याला शर्यत संपल्यावर कळलं, तेव्हा त्याने चष्मा काढून भिरकावला.

आता आकडे बघा. क्रामरची वेळ १२ मिनिटं ५४.५० सेकंद, कोरियाच्या ली सुंग-हूनची १२:५८.५५, स्कोब्रेवची १३:०२.०७. क्रामर बाद झाला नसता तरी स्कोब्रेव तिसरा आलाच असता. त्याच्यामागे होता नेदरलँड्सचाच बॉब डी योंग, २००६ च्या तूरिन ऑलिंपिकमधला याच अंतराचा विजेता, आणि तोही साडेचार सेकंदांहून जास्त मागे. म्हणजे नशिबाने कांस्याचं रौप्य झालं, एवढंच. पदक त्याच्या पायांनी आणलं होतं. दहाच दिवस आधी ५,००० मीटरमध्ये त्याने कांस्य घेतलं होतं, तेव्हा तर कुणीच चुकीच्या लेनमध्ये गेलं नव्हतं.

मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आवडतं ते विजेत्यांच्या चौथऱ्यावरचं. स्कोब्रेव आणि डी योंग यांनी लीला चक्क खांद्यावर उचलून घेतलं. सगळं जग क्रामरबद्दल बोलत असताना या दोघांनी जिंकलेल्या माणसाचा मान राखला.

पुढचं वर्ष तर स्कोब्रेवचंच. इटालियन प्रशिक्षक मौरिझिओ मार्केत्तो यांच्या हाताखाली तयार झालेला हा गडी जानेवारी २०११ मध्ये इटलीतल्या कोल्लाल्बोच्या उघड्या रिंगणात युरोपचा ऑलराउंड विजेता झाला आणि फेब्रुवारीत कॅलगरीत जगाचा. ऑलराउंड म्हणजे ५००, १,५००, ५,००० आणि १०,००० मीटर, चारही अंतरांची गोळाबेरीज. लांब पल्ल्याच्या माणसाला ५०० मीटरमध्ये तग धरणं किती अवघड, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. १९८७ मध्ये सोव्हिएत संघाच्या निकोलाय गुल्यायेवने जागतिक ऑलराउंड जिंकली, त्यानंतर तिथल्या पुरुषांपैकी थेट स्कोब्रेवच. "पण क्रामर दुखापतीमुळे खेळलाच नव्हता," असंही मला ऐकवतात. खरं आहे. पण मैदानात जे होते त्यांना तर हरवलं ना?

डोपिंगचंही विचारतात, तेही टाळत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याचे सोची २०१४ चे निकाल रद्द केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्रीडा लवादाने पुरेसा पुरावा नसल्याचं सांगून ती शिक्षा उठवली. व्हँकुवरची दोन्ही पदकं या प्रकरणात नव्हतीच, ती आजही त्याच्याच नावावर आहेत.