बायपॅप म्हणजे ऑक्सिजन नव्हे

माझ्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्यांची उभी नोकरी झाली आणि विडीची सवय त्याच्याही आधीची. गेल्या पावसाळ्यात छातीत कफ दाटून ते रुग्णालयात दाखल झाले आणि तेव्हापासून ऐरोलीच्या घरी रात्री त्यांना बायपॅप हे मास्कमधून श्वासाला मदत करणारे मशीन लावावे लागते. भेटायला येणारी मंडळी हळू आवाजात "ऑक्सिजनवर ठेवलंय का?" असे विचारतात. घरी सोडताना आम्हालाही मशीनची बटणे तेवढी दाखवण्यात आली. ते नेमके काय काम करते, हे पुढे फुप्फुसरोगतज्ज्ञांना विचारून आणि वाचून समजून घ्यावे लागले.

आपण श्वास घेतो तेव्हा छातीखालचा श्वासपटल हा स्नायू खाली सरकतो, फुप्फुसांतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपसूक आत ओढली जाते. बायपॅप याच्या उलट करते: मास्कमधून दाब देऊन हवा आत ढकलते. श्वास घेताना दाब जास्त, सोडताना कमी, असे त्याचे दोन दाब असतात. सीपॅप या तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या मशीनमध्ये मात्र दोन्ही वेळा दाब एकच राहतो. हे दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. वरचा दाब 20 असला, तरी तो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 2 टक्के भरतो, त्यामुळे "मशीनने फुप्फुस फुटेल" ही आत्याची भीती पुष्कळशी अनाठायी होती. पुष्कळशी अशासाठी म्हणतो, की फुप्फुसात हवेचे मोठे फुगे झालेल्या रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर खरोखरच सावध असतात.

या खटाटोपाचा मुख्य हेतू कार्बन डायऑक्साइड बाहेर काढणे हा आहे. दमलेल्या स्नायूंना श्वास पुरेसा खोल घेता येत नाही, तेव्हा हा वायू रक्तात साठतो आणि रक्त आम्लधर्मी होते. सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही त्याची लक्षणे आहेत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोरोनापासून घरोघरी आला खरा, पण त्याला हा वायू दिसत नाही. त्यासाठी मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू मोजणारी एबीजी तपासणी करावी लागते. तिच्यात कार्बन डायऑक्साइडची पातळी साधारण 35 ते 45 (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) असावी लागते. दाखल केले तेव्हा वडिलांचा आकडा त्याच्या बराच वर होता, आणि बोटावरचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, मात्र ऑक्सिजन लावल्यामुळे छान दिसत होते.

नेमका हाच चकवा 1952 साली कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओच्या साथीत पडला होता. छातीभोवतीचा दाब कमी करून श्वास घडवणारी यंत्रे तिथे मोजकीच होती आणि श्वसनाचा पक्षाघात झालेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले होते. रुग्णांच्या रक्तातले वाढलेले बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा घटक) म्हणजे काहीतरी अनाकलनीय अल्कलीविकार आहे, असे तिथल्या डॉक्टरांना वाटत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखले, की हा साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम आहे. त्याने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. पुढे सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस अशा पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात तिथून झाली असे मानतात. बायपॅपचा फायदा असा, की गळ्यात नळी न घालता नुसत्या मास्कवर बऱ्याच सीओपीडी रुग्णांचे भागते. अर्थात रुग्ण शुद्धीवर असला आणि त्याला उलट्या होत नसल्या तर.

ऑक्सिजन बायपॅपला जोडता येतो, पण तो वेगळा विषय आहे आणि त्याचीही मात्रा ठरलेली असते. कार्बन डायऑक्साइड साठण्याची प्रवृत्ती असलेल्या सीओपीडीच्या रुग्णात सॅच्युरेशन 88 ते 92 टक्के ठेवणे अपेक्षित असते. "अजून शंभर का नाही?" म्हणून कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राचा) काटा वाढवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण जादा ऑक्सिजनने अशा रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो.

मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून सतत सूं असा आवाज येत राहतो. शेजारच्या काकूंनी "हवा गळतेय, चिकटपट्टी लाव" असा सल्ला दिला होता. तो कोणीही ऐकू नये, कारण सोडलेला श्वास बाहेर जाण्याची वाट तीच आहे. खरी गळती मास्कच्या कडेने होते आणि ती डोळ्यांकडे गेली की डोळे लाल होतात. वडिलांची दाढी वाढली की मास्क नीट बसत नाही, म्हणून दर दिवसाआड दाढी करणे आता सक्तीचे झाले आहे. पट्टे करकचून आवळणे हा उपाय नव्हे. त्याने नाकाच्या हाडावर जखम होते. पोट भरलेले असताना मास्क लावल्यास हवा पोटात जाऊन फुगते, म्हणून आमच्याकडे रात्रीचे जेवण लवकर होते.

उरला विजेचा प्रश्न. आमच्या मशीनला स्वतःची बॅटरी नाही आणि जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज जायचीच, त्यामुळे ते इन्व्हर्टरवर जोडून घेतले आहे. तेही बंद पडले तर मास्क लगेच काढायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, अगदी शाळेत जाणाऱ्या मुलीलाही, शिकवून ठेवले आहे. इन्व्हर्टरवर असताना ह्युमिडिफायरचा (हवा दमट करणाऱ्या भागाचा) हीटर मात्र आम्ही बंद ठेवतो, कारण मोटरपेक्षा तोच जास्त वीज खातो.